मांडीऐवजी छातीचं मांस

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला कोलशेतला माझं चिकनचं दुकान होतं. कुणाच्या बापाची मदत न घेता उभं केलेलं. जवळच्या कारखान्यात एक जपानी साहेब आलेला. गेस्ट हाऊसमध्ये त्याचा स्वयंपाक करायची यमुनाबाई, गावातलीच कोळीण. साहेबानं तिला त्याच्या घरची तळलेली कोंबडी शिकवलेली. मांडीचं बिनहाडाचं मांस आलं-लसूण आणि सोया सॉसमध्ये मुरवायचं, बटाट्याच्या पिठात घोळवायचं, दोनदा तळायचं. कोंबडी माझ्याच दुकानातून न्यायची, कधी कधी डब्यातून माझ्यासाठीही आणायची. वरून कुरकुरीत, आणि आत — काय सांगू? दाताखाली रस सुटायचा. तशी चव पुन्हा कुठे मिळाली नाही. शोधली मी, खूप शोधली.

मग घालवली कशाला?

एकदा भर गिऱ्हाइकांत ती म्हणाली, “दादा, तुजा तराजू उपाशी हाय काय रं? माजीच कोंबडी खातंय!” सगळे हसले. वजन बरोबर होतं — आजही शपथेवर सांगतो, बरोबर होतं! भावावरून भांडा हवं तेवढं, पण मापावर बोट? ते डोक्यातून जाईना.

पुढे साहेबाचे वरिष्ठ जपानहून जेवायला येणार होते. त्या दिवशी मी तिला मांडीऐवजी छातीचं मांस बांधून दिलं. मुद्दाम.

“यो पांढरा कसा रं?”

“यात चरबी कमी, ताकद जास्त. डॉक्टर हेच खायला सांगतात.”

खोटं नव्हतं ते — म्हणूनच चाललं. पण चरबी नाही तिथे रस कुठला? मासळी ती नुसत्या बोटानं ओळखायची. कोंबडीचं मात्र माझ्या शब्दावर सोडायची. तराजूची चेष्टा करायची, तरीही.

कोंबडी कोरडी झाली. पाहुण्यांनी ताटात तशीच टाकली. गेस्ट हाऊसच्या मॅनेजरनं तिला कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. “दादा, खरा सांग, माजा हात कुठं चुकला?”

आणि मी — हेच ते, इतकी वर्षं गिळलेलं — मी म्हणालो, “तेल जास्त तापवलं असशील.”

तिनं मान डोलावली. पटलं तिला.

नंतर ती बाजारात मासळी घेऊन बसायची. एकदा शेजारणीनं विचारलं, “ती जपानी कोंबडी करून घाल की गं आमाला.”

“नाय गं बाय. माज्या हाताला कोंबडी जमत नाय.”

मी समोरच उभा होतो. तिच्याकडून बोंबील घेतले, आणि घरी गेलो.