घंटी न वाजलेला नवा फोन

"जित्ती आहो ना मी? मंग रडून कायले राहिली?" मी दारातच विचारलं.

"फोन काऊन नव्हती उचलत? रोज लावून राहिली होती मी." ही सुनंदा, माझी एकुलती एक लेक. पहिल्या बसनं नागपूरहून आलेली, चप्पल अजून पायातच.

"खोटं नको बोलू. महिनाभर एक घंटी नाही वाजली."

आता माझी अक्कल कुठं चरायला गेली होती ते ऐका. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण नवऱ्यामागं धानगिरणी एकटीनं चालवली. माझा नियम एकच. पट्टा तुटायची वाट पाहायची नाही, धान यायच्या आधीच नवा चढवायचा. गिरणी कधी अडली नाही. पुढं गिरणी विकली, पण नियम कोण विकत घेणार?

घरात बोलणारा उरला तो तारेचा फोन. रविवारी सुनंदाचा आवाज यायचा, बाकी आठवडा भिंती. फोन जुना झालेला. ऐन रविवारी बसला तर? म्हणून चांगला चालता फोन भंगारवाल्याला दिला आणि गोंदियाहून लालभडक नवा आणला.

रविवार आला, गेला. फोन गप्प. उचलून पाहिला तर आत घूं आवाज. म्हणजे फोन ठीक, पोरगीच बिघडली, नाही का? तरी पुढच्या रविवारी मी ताट घेऊन त्याच्याशेजारी जेवले.

सुनंदानं मोबाईलवरून माझा नंबर लावला. तिच्या कानात घंटी, माझा लाल डबा मुका. उचलला, तर तिचाच आवाज.

"माय, याची घंटी जन्मापासून मेलेली आहे."

"नवा आहे तो."

"म्हणूनच. आमच्या पंख्याच्या कारखान्यात नवा पंखा आधी खूप वेळ फिरवून पाहतात. बिघडणारा असला तर सुरुवातीलेच बिघडते. तेवढं निभलं का मंग कितीक वर्षं पाहा लागत नाही."

"अन् गिरणीचा पट्टा?"

"तो घासून मरते. फोन थोडाच घासते? निभलेला फोन काढून तू कच्चा आणला."

"जुन्याचा भरवसा नसते."

"भरवसा माझा नव्हता तुले. घूं आवाज येत होता ना? मंग तूनं काऊन नाही लावला मले, एकदाही?"

गिरणीवर भल्याभल्यांना गप्प करणारी मी, पदरानं तो लाल डबा पुसायला लागले. मग म्हटलं,

"फोन बदलता येते. तुले लावला असता, अन् तूनं उचललाच नसता, तर मंग मी काय बदललं असतं?"