वळसंगपर्यंत, न ढकलता

सिदूचा नोकरीचा अर्ज मी तीन वेळा लिहिला. पहिल्यावर माझ्याच हातून शाई सांडली, दुसऱ्यावर सिदूनं ग्रीसचा अंगठा उठवला, तिसरा मी त्याला हात लावू न देता पोस्टात टाकून आलो. त्यामुळे धारवाडहून सरकारी पाकीट आलं तेव्हा त्याच्यापेक्षा मलाच आनंद झाला. नगरपालिकेतली कारकुनी अर्ध्यावर टाकून मी शरणप्पा मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत पळत गेलो. सिदूनं पत्र वाचलं. सहायक इंजिनियर म्हणून नेमणूक, येत्या सोमवारी हजर व्हावे. त्यानं ते घडी घालून खिशात टाकलं आणि म्हणाला, "बाळासो, तुझं एखादं जुनं धोतर आहे का रे? कार्ब्युरेटर पुसायला चिंध्या संपल्यात."

असा संताप आला मला! बरं, धोतरही मीच दिलं, हे वेगळं.

ही एकोणीसशे अठ्ठावीस सालची गोष्ट. मी करमाळ्याचा, सिदू वळसंगचा. शहरात नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर आम्ही एका खोलीत राहायचो. सिदूचं घर मेंढरांवर चालणारं. पुण्याच्या कॉलेजातून इंजिनियरची पदवी घेऊन आलेला त्यांच्या घरातलाच काय, आसपासच्या दहा गावांतला तो पहिला. त्याची आई केराबाई हिनं वळसंगच्या घराघरात जाऊन सांगून ठेवलं होतं की माझा सिदू आता सायेब होणार, खुर्चीवर बसणार, त्याच्या अंगाला धूळसुद्धा लागणार नाही.

आणि हा सायेब दिवसभर मोटारीखाली उताणा पडलेला असायचा.

"चार वर्षं मी इंजिनं काढली, बाळासो," तो मला म्हणायचा. "कागदावर. एक नट पिळला नाही. आता पुन्हा जाऊन दुसऱ्यांचे कागदच तपासू?" त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. हातानं करायचं काम आणि स्वतःची मोटार. दोन्ही शरणप्पाच्या हातात होत्या आणि शरणप्पाला शिकलेल्या माणसांचं वावडं होतं.

पहिल्याच दिवशी शरणप्पानं त्याच्या हातात मोटारीचं हँडल दिलं. "करा चालू, सायेब." ते हँडल उलटा झटका देतं, म्हणून जाणते लोक अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात. सिदूनं चांगली पहिलवानासारखी मूठ आवळली, इंजिनात आत काय काय घडतं यावर एक लहानसं व्याख्यान दिलं आणि हँडल फिरवलं. इंजिनानं उलटी लाथ मारली. मनगट मोडलं. शरणप्पा पोट धरधरून हसला. "पुस्तकात अंगठा कुटं ठिवायचा ते लिवलं न्हवतं व्हय? बेड, बेड, नगं तुमी. जावा घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी हात गळ्यात अडकवून सिदू पुन्हा तिथं हजर. डाव्या हातानं प्लग घासत बसला. सहा आठवडे घासले. शेवटी शरणप्पाच कंटाळला. अंगणात कोपऱ्यात एक मोटार तीन वर्षं पडून होती. एका वकिलांनी नवी घेतल्यावर ती मिस्त्रीलाच देऊन टाकलेली. नावाची पाटी गेलेली, वरचा कापडी टप फाटलेला, मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालायच्या. "ही वळसंगपर्यंत न्हेऊन दाव," शरणप्पा म्हणाला. "वाटंत कुनी ढकलायचं न्हाय. न्हेलीस तर गाडी तुजी आन हितली जागाबी तुजी. न्हाय जमलं तर गुमान खुर्चीवर जाऊन बस."

यानंतर सिदू जेवायचा तरी कधी, मला ठाऊक नाही.

पत्र आलं त्याच गुरुवारी दुपारी गाडी चालू झाली. मी तिथंच होतो! आधी एक शिंक, मग दुसरी, मग काळ्या धुराचा लोट आणि धडधडधड! सगळ्या कोंबड्या एकदम उडाल्या. सिदू ओरडत होता, मी ओरडत होतो, काय ते दोघांनाही कळत नव्हतं. सिदू उडी मारून आत बसला, गाडी पुढं निघाली, ब्रेक दाबला आणि गाडी पुढंच गेली. शरणप्पाचं पाण्याचं पिंप आडवं करून मगच थांबली.

दोष सापडायला वेळ लागला नाही. मागच्या आसाच्या दोन्ही टोकांना लोकरीचे जाड वायसर असतात. आतलं तेल बाहेर येऊ न देणं एवढंच त्यांचं काम. ते कुजून गेले होते आणि तेल थेट ब्रेकवर उतरत होतं. सिदूनं मुंबईला तार केली. उत्तर आलं: माल विलायतेहून येईल, एक महिना लागेल. आणि सोमवारपर्यंत हातात होते तीन दिवस.

शनिवारी सकाळी सिदूचे वडील आले. नेमणुकीची बातमी मीच वळसंगला कळवली होती; ज्ञानबा मुलाला धारवाडच्या गाडीत बसवून द्यायला म्हणून आले होते. धारवाडच्या थंडीत सायबाला अंथरायला केराबाईनं नवंकोरं जेन पाठवलं होतं. जेन म्हणजे न विणता, लोकर पिंजून, साबणपाणी घालून तुडवून तुडवून केलेलं जाड अंथरूण. खोलीला कुलूप बघून ते विचारत विचारत गॅरेजात पोचले, तेव्हा मी तिथंच सिदूची समजूत घालत होतो. म्हणजे गाडीखालून बाहेर आलेल्या त्याच्या दोन पायांची.

ज्ञानबा त्या पायांकडे बराच वेळ बघत उभे राहिले. "हे सायबाचं पाय हायती व्हय?"

सिदू बाहेर आला. तोंड काळं, केसांत तेल. घरी त्यानं यातलं अक्षरही कळवलं नव्हतं; मनगट मोडलं तेसुद्धा नाही. आता एका दमात सगळं सांगितलं. गॅरेज, गाडी, शरणप्पाची अट, मुंबईची तार. "आप्पा, मला खुर्ची नको. मला हेच करायचंय. पण आता तेबी हुईना," असं म्हणून त्यानं कुजका वायसर त्यांच्यापुढं धरला. मलाही खरंच वाईट वाटलं. अर्ज मी लिहिला होता, तरी वाटलं.

ज्ञानबांनी तो वायसर चिमटीत घेतला. बोटांनी चोळला, कडेचा तंतू ओढून बघितला, वासही घेतला.

"विलायतेत मेंढरं हायती?"

"हायत की."

"लोकर बरी हाय. पर तुडीवली कमी." त्यांनी खांद्यावरचं जेन खाली टाकलं आणि कमरेची कातर काढली. लोकर कातरायची, भली मोठी.

"अहो, काय करताय!" मी ओरडलो. "केराबाईंनी सायबासाठी..."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मधोमध कातर घातली.

सिदू डोक्याला हात लावून बसला. पुण्यात फेल्ट म्हणून त्यानं ज्याच्यावर टिपणं काढली होती, ते जन्मल्यापासून त्याच्या अंगाखाली होतं आणि मुंबईला तार करायच्या आधी हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, पण तेवढ्यात ज्ञानबांनी आम्हा दोघांनाही कामाला लावलं. कढत पाणी आणा, साबण आणा, गोणपाट आणा. तुकडे गोणपाटात गुंडाळून ते भिंतीला धरून पायांनी तुडवू लागले. दमले की सिदू तुडवायचा. मग मी. दुपारी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा शरणप्पानंही वहाणा काढल्या आणि तो आमच्यात येऊन तुडवू लागला. संध्याकाळपर्यंत जेन निम्म्यानं आटलं आणि चामड्यासारखं घट्ट झालं. सिदूनं मापं घेऊन गोल कापले. रविवारी सकाळच्या उन्हात वाळवून, तेलात मुरवून ते आसावर चढवले. अंगणात ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली.

"आप्पा, आता नोकरीचं..." सिदूनं सुरुवात केली.

"मी काय बोलत न्हाय," ज्ञानबा म्हणाले. "तुज्या आयेला तूच सांग. चल."

पुढं सिदू आणि ज्ञानबा, मागं मी आणि शरणप्पा, आमच्या पायांत पेट्रोलचा डबा. अक्कलकोटचा रस्ता लागला तसा सिदू गायला लागला. त्याला गाता येत नाही. गाडी वाऱ्यासारखी नव्हती, पण बैलगाड्या मागं पडत होत्या, माझी टोपी उडून गेली आणि मी ती आणायलासुद्धा थांबू दिलं नाही! कुंभारी गाव ओलांडून उताराला लागलो आणि वळणावर समोर अख्खा रस्ता भरून मेंढरं.

"दाब! दाब!" ज्ञानबा ओरडले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा एक कोकरू पुढच्या दिव्याचा वास घेत उभं होतं.

ज्ञानबा खाली उतरले, मागच्या दोन्ही चाकांपाशी बसून आत बोट फिरवलं आणि बोट शरणप्पाला दाखवलं. कोरडं होतं. शरणप्पानं घसा खाकरला. "सिदू, उद्या सातला ये. उशीर केलास तर जागा तुज्या बापाला दीन." मग म्हणाला, "नडी, नडी, चल आता," आणि आम्ही निघालो.

वळसंगच्या वेशीपासून पोरंटोरं मागं धावत आली. घरासमोर गाडी थांबली. केराबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि तिनं आधी मागं बघितलं, सायेब मागं बसतो म्हणून. मागं मी आणि शरणप्पा. मग पुढं बघितलं.

सिदू उतरला. येताना पाठ केलेलं सगळं तो विसरला होता. "आये, मी धारवाडला जात न्हाय. मी गाड्या नीट करनार हाय. ही मी नीट केली. तू केलेलं जेन चाकात घातलंय." एवढंच बोलला आणि खाली बघत उभा राहिला. अंगणात गाव जमलं होतं. याच लोकांना तिनं सांगितलं होतं.

केराबाईनं त्याचं तोंड बघितलं, शर्ट बघितला, मोडून जरा वाकडं जुळलेलं मनगट हातात घेऊन बघितलं. मग गाडीभोवती एक चक्कर मारली.

"सायबाची मोटर बंद पडली तर कोन करतंय नीट?"

"मी."

सिदू हळूच रांजणाकडे वळला आणि त्यानं तोंड धुवायला तांब्या बुडवला. केराबाईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला, मला खाली उतरवून माझ्या जागी बसली आणि पदर सावरला.

"धू नगं," ती म्हणाली. "आसाच चल. आन वरच्या आळीतनं घे, हळू. मी घराघरात सांगितलंय, आता घराघरातनं बगू द्या."