दसऱ्याची कलेजी

तुपात परतलेल्या कलेजीचा वास मला दुरूनही ओळखता येतो. त्यात किंचित लोखंडाचा गंध असतो, पावसात भिजलेल्या कडीकोयंड्यासारखा. तो आला की जिभेला आधी पाणी सुटते आणि मग ती कडवट होते. त्या कडवटपणाला मी पुष्कळ वर्षे निरनिराळी नावे दिली. खरे नाव मत्सर.

संस्थान विलीन झाले त्याच वर्षी मी साताऱ्याकडून लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले. सासरे रिसाल्यात होते. तो रिसालाही लवकरच मोडला. दसऱ्याच्या स्वारीत फूलबागेवरून घोडा नाचवत गेलेला तो माणूस आता अंगणात खुर्ची टाकून बसे आणि रस्त्यावरून टांगा गेला तरी टापांचा ठेका ऐकून घोडा कोणत्या पायाने लंगडतो ते सांगे. घरात त्यांच्या जुन्या दिवसांचे दोनच अवशेष उरले होते: एक तलवार आणि दसऱ्याचा कोंबडा.

कोंबड्याची रीत अशी. पंधरा दिवस आधी आणून त्याला अंगणात बाजरी चारायची. दसऱ्याला शमीचे सोने देऊन-घेऊन झाले, की तो अख्खा शिजवलेला कोंबडा परातीत मामंजींच्या पुढे यायचा. ते बोटांनी त्याचे पोट उघडीत, आतली कलेजी काढीत आणि जिने तो रांधला तिला सर्वांसमक्ष बोलावून तिच्या ओंजळीत ठेवीत. आधी मान तलवारीचा, मग रांधणारीचा. एवढ्याशा त्या तांबूस तुकड्यासाठी मी आठ वर्षे जळत होते, कारण आठही वर्षे तो माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या ओंजळीत पडला.

जाऊबाई ग्वाल्हेरच्याच. त्यांच्या मराठीत हिंदी अशी विरघळलेली असे, जशी दुधात साखर असते आणि दिसत नाही. त्यांचा कोंबडा दह्यात आणि आल्यात रात्रभर मुरे. पोटात खिमा, उकडलेली अंडी, तळलेला कांदा, चारोळी, पुदिना. पाय कच्च्या सुताने बांधून त्याला तांब्याच्या देगचीत ठेवीत, झाकणाच्या कडेला कणीक लावीत आणि वर निखारे रचीत. सासूबाईंच्या तरुणपणी तो पांढरा होत असे, दही, बदाम आणि नुसते मिरे घालून. दात गेल्यावर त्यांनी देगची थोरलीच्या हाती सोपवली होती. आणि माझ्या माहेरी? आम्ही कोंबडा बारीक चिरणारी माणसे. सुके खोबरे निखाऱ्यावर काळे होईतो भाजायचे, कांदा राखेत, तीळ-खसखस तव्यावर, आणि रस्सा दाट यावा म्हणून कलेजी त्या वाटणातच वाटून टाकायची. पहिल्याच वर्षी मी हे सांगितले तेव्हा जाऊबाई हसल्या होत्या. "अगं, कलेजी वाटून टाकता? मग मामंजी देतील काय, वरवंटा?"

सगळे घर हसले. मीही हसले.

त्यांचा कोंबडा मी चोरून शिकले. मसाला वाटण्याच्या निमित्ताने चुलीजवळ बसायचे आणि त्यांचे हात पाहायचे. सुंदर हात होते, हे मला आज लिहितानाही जड जाते. दह्याने माखलेली बोटे कोंबड्याच्या कातडीखालून अशी सरकत, जणू झोपलेल्या मुलाचे अंगडे काढत आहेत. मी सारे पाहिले. पाहू शकले नाही ते फक्त झाकण निघताना. कणीक फुटून ती पहिली वाफ उसळली, की मला तिथे बसवत नसे. सासूबाई डोळे मिटून तो वास घेत, दीर अंगणातून ओरडत, "वहिनी, आता किती तरसवाल?" आणि मी पाणी आणायच्या मिषाने उठून जाई. दर वर्षी.

मग संस्थाने मिळून झालेले मध्य भारत राज्यही मोडणार, नवे मोठे राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार, असे ठरले. गोरखी वाड्यातल्या सरकारी कचेरीची दप्तरे बांधली जाऊ लागली. थोरले भाऊजी त्याच कचेरीत होते, म्हणजे जाऊबाईही जाणार. घर उदास झाले. मी उदास चेहऱ्याने कांदे चिरीत होते आणि आत कुठेतरी एक दिवा लागला होता.

त्या दसऱ्याला मी सासूबाईंना म्हटले, "या वर्षी कोंबडा मी करते. पुढे मलाच करायचा आहे ना."

सासूबाईंनी थोरलीकडे पाहिले. जाऊबाई म्हणाल्या, "करू द्या हिला. मी बिलकुल हात लावणार नाही."

आणि त्यांनी खरेच लावला नाही. दिवसभर त्या माजघरात ट्रंका भरीत राहिल्या. दही, आले, पुदिना, चारोळी, सूत, कणीक, निखारे: माझ्या हातून एकही गोष्ट सुटली नाही. झाकण उघडले तेव्हा तोच वास आला आणि या वेळी मी उठून गेले नाही. तो माझा होता.

परात मामंजींच्या पुढे ठेवली. त्यांनी सूत तोडले. बोटे पोटात गेली, खिमा बाजूला झाला, अंडी निघाली. बोटे पुन्हा आत गेली. अगदी तळापर्यंत.

"धाकट्या सूनबाई, कलेजी कुठे आहे?"

माझी ओंजळ तयार होती. पदर सारखा केलेला होता. आणि त्या क्षणी मला सकाळचा पाटा आठवला, त्यावर माझ्याच हाताने, माहेरच्या सवयीने, काही विचार न करता खिम्याच्या मसाल्यात वाटून टाकलेली कलेजी आठवली.

"वाटली," मी म्हटले.

दीर खो-खो हसले. "मग द्या हिला वरवंटाच, आबा!"

मामंजी हसले नाहीत. त्यांची बोटे तुपाने माखून तशीच अधांतरी राहिली होती; द्यायला काही नव्हते. तेव्हा माजघराच्या दारातून जाऊबाई पुढे आल्या, कोंबड्याच्या छातीचा एक मऊ तुकडा तोडला आणि मामंजींच्या हातावर ठेवला. "हेच द्या ना आज. चव तर उतरलीच आहे यात."

मामंजींनी तो माझ्या ओंजळीत ठेवला. सर्वांना वाटले, केवढे मोठे मन. मलाही वाटले. म्हणूनच तो तुकडा मी न चावता गिळून टाकला.

भोपाळला निघायच्या दिवशी टांगा दारात उभा असताना जाऊबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि हलकेच म्हणाल्या, "कलेजी आत शिजवायचीच नसते, वेडे. दगडासारखी होते. तुपात निराळी परतायची आणि झाकण काढल्यावर पोटात सरकवायची. तू विचारलं असतंस तर मी तेव्हाच सांगितलं असतं ना."

म्हणजे ते सारे झाकण निघाल्यावर होत असे. माझ्या पाठीमागे.

पुढल्या दसऱ्याला कोंबडा मी एकटीने केला. कलेजी तुपात परतली, लोखंडाचा तो वास बोटांना लागला, झाकण काढले आणि तिला आत सरकवले. मामंजींनी पोट उघडले. ती वरच होती, तांबूस, चकाकती. ती चिमटीत धरून त्यांनी मान वर केली आणि माझ्यावरून, माझ्या पलीकडे, माजघराच्या रिकाम्या दाराकडे पाहिले.

"थोरल्या सूनबाई," त्यांनी हाक मारली.

दारातून कोणी पुढे आले नाही. मग त्यांना उमगले. "या, धाकट्या सूनबाई. तुमची आहे."

मी ओंजळ पुढे केली. आठ वर्षे जिच्यासाठी जळले ती माझ्या हातात पडली, अजून ऊन होती. मी ती तिथेच, सर्वांसमक्ष खाल्ली. मऊ होती, अगदी हवी तशी परतलेली होती, आणि तिची चव, पहिल्या घासापासून शेवटपर्यंत, जाऊबाईंच्या हातची होती.