शिट्टीनंतरचा तुकडा

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. अमेरिकेत हाताने खेळतात तो फुटबॉल. त्याच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ मी साकोली तालुक्यातल्या आमच्या घरात बसून बघते, कापते आणि प्रत्येक तुकड्याखाली दोन ओळी लिहिते. नागपूरची एक कंपनी काम पाठवते. यंदा आलेलं काम असं होतं: एका संघाच्या इतिहासातले पंचवीस अविस्मरणीय डाव. संघाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी इकडे कोणाला त्याचं काय. लांबलचक सामन्यातून तो एक डाव शोधायचा, चेंडू मागे दिला जातो तिथे सुरू करायचा आणि शिट्टी वाजली की कापायचा. शिट्टीनंतरचं काही ठेवू नये, असं सूचनेत ठळक अक्षरांत होतं.

मला हे काम चांगलं जमतं. कापायचं कुठे, हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

माझ्या टेबलाला लागून धाकट्या भावाची खाट आहे. तीन वर्षांपासून तो तिच्यावर आहे. मानेखाली त्याला काही कळत नाही. उजव्या हाताची दोन बोटं हलतात, तीही त्यांच्या मर्जीने. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वळवायला दोघी लागतो. दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं तसं, एकीने मान आणि डोकं धरायचं, दुसरीने कंबर. मान आई धरते. मी पहिल्या दिवसापासून कंबरेकडे उभी राहते. आईला वाटतं, मला भीती वाटते. मी तसं वाटू दिलं.

सुरुवातीला भाऊ त्या खेळाची टिंगल करायचा. "एवढं टोपडं घालून कोणी खेळते का? आन् चेंडू हाय का अंडं?" पण पडल्यापडल्या बघणार तरी काय? छताचे कवेलू मोजून झाले होते. महिन्याभरात त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. मी चुकीच्या जागी कापलं की तो खाटेवरून ओरडायचा, "अवं, अजून खाली नाही पडला तो! काहून कापून राहिली?" मी चिडायची. बारा तास बसून डोळे जातात आणि वरून हा मुकादम. पण खरं सांगायचं तर त्या पंचवीसपैकी निम्मे डाव त्यानेच शोधून दिले.

बर्फात एकटाच पळत सुटलेला एक खेळाडू होता, त्याच्या मागे पांढऱ्यावर काळी पायवाट उमटत जायची. एका डावात लाथ मारण्याचं नुसतं सोंग झालं आणि लाथेसाठी चेंडू धरून बसलेला माणूसच तो बगलेत मारून पळाला. तो भावाने मला सात वेळा लावायला लावला. आणि एक डाव तर त्या संघाची ओळखच होता. वर्षानुवर्षं तोच डाव, त्याच बाजूने. समोरच्यांना ठाऊक, बघणाऱ्यांना ठाऊक, तरी अडवता येत नाही.

"माझ्या डुबकीवानी," भाऊ म्हणाला.

मी न ऐकल्यासारखं केलं.

डुबकी ही कबड्डीतली चाल. दोघा-तिघांनी हातात हात घालून साखळी करून घेरलं की चढाईवर गेलेला गडी खाली वाकतो आणि साखळीखालून निसटून मध्यरेषा गाठतो. करतात पुष्कळ जण. पण आमच्या भागात ती माझ्या भावाच्या नावाने ओळखली जायची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. पाहुणे येतात, पोरी माहेरी येतात, रात्री नाटक, दिवसा कबड्डी. तो मैदानात उतरला की लेकरं आधीच ओरडायची, "डुबकी! डुबकी!" समोरच्यांना ठाऊक असायचं. तरी तो निसटायचाच.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडईत, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाळीखालच्या रानात, दुपारी शेवटचा सामना होता. आमचा संघ एका गुणाने मागे आणि भावाची शेवटची चढाई. मी रेषेला लागून मोबाईल धरून उभी होते. साखळी पुढे आली. तो वाकला. दोघांच्या हातांखालून त्याचं डोकं गेलं आणि तेवढ्यात साखळी त्याच्या मानेवर बसली. कोपऱ्यातल्या गड्याने त्याच्या पाठीवर उडी घेतली. तो तोंडावर पडला, पण हात रेषेपलीकडे होता. शिट्टी वाजली. तीन गुण. आम्ही जिंकलो.

एवढाच व्हिडिओ सगळ्या तालुक्याने पाहिला. तो मीच पाठवला होता, शिट्टीपर्यंत कापून. अजूनही मंडईच्या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या स्टेटसला दिसतो.

पुढचा तुकडा माझ्या जुन्या मोबाईलमध्ये आहे, तो कोणीच पाहिलेला नाही. त्यात मी धावते आहे, चित्र हलतं आहे आणि माझाच आवाज आहे, "उचला रे! खांद्यावर घ्या त्याले!" जिंकलेल्या गड्याला आमच्याकडे कोणी जमिनीवर राहू देत नाही. जमिनीवर राहिला तर ती जीत कसली! त्याचा हात धरून पहिला हिसका मी दिला. मग चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याचं डोकं मागे लोंबत होतं. तो थकला असेल, आनंदाने गप्प झाला असेल, असं वाटलं. कोणीतरी मूठभर निळा गुलाल उधळला, तो त्याच्या उघड्या डोळ्यांत गेला. आणि त्याने डोळे पुसायला हात उचलला नाही. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. मी हसत होते. व्हिडिओत ते हसणंही आहे.

नागपूरला डॉक्टर म्हणाले होते, पडला तिथेच ठेवायचं होतं, हलवल्याने जास्त झालं. "उचललं कोणी?" त्यांनी विचारलं. आई बाहेर बाकावर होती. "गर्दी होती," मी म्हणाले. उचलणारे चौघे गावातच आहेत. मी दिसले की वाट बदलतात. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, मी त्यांचं घेतलं नाही.

शिव्या मात्र खाल्ल्या तिसऱ्याने. पाठीवर उडी घेणारा तो पलीकडच्या गावचा गडी. त्याने नियमातच पकड केली होती. तो एकदा केळी घेऊन भेटायला आला, तर आईने केळी अंगणात फेकली. म्हणतात, त्याने कबड्डी सोडली. आई सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बिड्या वळायला बसली की त्याचा उद्धार सुरू होतो, "माझ्या पोराची मान मोडली त्यानं, त्याचं कधी भलं नाही व्हाचं." तीन वर्षं मी हे आत बसून ऐकलं. हेडफोन लावून ऐकलं.

एकविसावा डाव मी एका सकाळी उघडला. शेवटचे काही सेकंद, चेंडू गोलरेषेपाशी, आणि एक जण समोरच्यांच्या बाहूंखालून सूर मारून पलीकडे जातो. पंच दोन्ही हात वर करतो. सगळं मैदान उसळतं. मी कापायची जागा धरली होती.

"थांब," भाऊ म्हणाला. "काटू नको. चालू दे."

पडलेला माणूस उठत नव्हता. त्याच्या जोडीदारांपैकी एक उड्या मारत आला आणि दोन हातांच्या अंतरावर थबकला. त्याने हात पसरून बाकीच्यांना मागेच थांबवलं. मग एकेक जण गुडघ्यावर बसला. ज्यांच्याशी लढले तेही बसले. कोणी त्याला हात लावला नाही. डोक्यावरचं ते टोपडंसुद्धा काढलं नाही. एक माणूस जमिनीवर पालथा पडून दोन्ही हातांनी फक्त त्याचं डोकं धरून राहिला. फळी आली, पट्टे आले. सगळे मिळून एकाच वेळी हलले. हजारो लोकांचं मैदान आणि पान हलल्याचा आवाज नाही. बऱ्याच वेळाने फळी बाहेर जाताना पट्ट्याखालून त्या माणसाने एक हात वर केला.

पळसाला पानं तीनच, असं मी त्या अमेरिकेबद्दल नेहमी म्हणायची. त्यांचेही डाव, त्यांचीही नावं, त्यांचंही ओरडणं आपल्यासारखंच. हे मात्र आपल्यासारखं नव्हतं. मला शरम वाटली. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू? आम्हाला का कोणी सांगितलं नाही हे?

भाऊ पडद्याकडेच बघत होता. "ताई, मले कोणं उचललं होतं?"

"गर्दी होती," मी म्हणाले. जिभेला सवय झाली होती.

त्याने डोळे पडद्यावरून माझ्याकडे वळवले. मग म्हणाला, "मी जागाच होतो. पाय लागत नव्हते, हात लागत नव्हते, पण कान चांगले होते. तुहा आवाज मी नाही वळखीन का?"

"तीन वर्षं काहून नाही बोलला?"

"तू बोलशीन म्हणून." सपरीतून आईचा आवाज येतच होता, त्याच गड्याच्या नावाने. भावाने डोळ्यांनीच तिकडे खूण केली. "मले नोको सांगू. मले मालूम हाय. तिले सांग. त्या बिचाऱ्यानं काय घोडं मारलं हाय?"

मी जुना मोबाईल चार्जिंगला लावला. तो सुरू व्हायला वेळ लागला आणि मला ते बरं वाटलं. मग सपरीत जाऊन आईसमोर बसले. तिच्या मांडीवर पानांचं सूप होतं. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही, मी तो तुकडाच लावला. आवाज पूर्ण सोडला. उचला रे. खांद्यावर घ्या त्याले. आईने तो एकदाच पाहिला. सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही, रडली नाही, शिवीही दिली नाही. मी शिवीची वाट बघत होते. तिने बिडीचं अर्धवट गुंडाळलेलं पान उलगडलं आणि पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतलं. तिला ते वळता येईना.

मी आत येऊन एकविसावा डाव शिट्टीवर कापला. सूचना तशीच होती.

दुपारी भावाला वळवायची वेळ झाली. आई आत आली. रोज ती खाटेच्या डोक्याकडे जाते. त्या दिवशी ती पलीकडून फिरून माझ्या बाजूला आली, कंबरेकडे, आणि मला खांद्याने सरकवलं.

"मान तू धर," ती म्हणाली.

मी डोक्याकडे गेले. भावाने वर माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही तळवे त्याच्या डोक्याखाली घातले. मान गरम होती आणि वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड.