पाण्याची सूचना, पान तिसरं

गुरुवारी सकाळी दहाला तिसऱ्या मजल्यावरच्या ग्वेनबाई डोक्यावर साबणाचा फेस घेऊन, अंगात झगा अडकवून जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. याला जबाबदार एकच माणूस होता, आणि तो इमारतीचा अध्यक्ष होता.

अध्यक्ष म्हणजे एलॉय. वय एकोणतीस, हंगामी मास्तर. स्पेनमधल्या हाएन प्रांतातल्या त्या गावात आठ घरांच्या इमारतीलाही अध्यक्ष लागतो, आणि ते पद पाळीने गळ्यात पडतं. डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय कुणी सुटत नाही. यंदा पाळी एलॉयची. त्याने सभा घेतली, इतिवृत्त लिहिलं आणि ग्वेनबाईंना स्पॅनिश वाचायला जड जातं म्हणून मोठ्या मनाने सगळंच्या सगळं इंग्रजीत उतरवून त्यांच्या दाराखाली सरकवलं. तीन पानं. सभेची पहिली वेळ सात, गणसंख्या भरली नाही तर दुसरी साडेसात, पहिल्या वेळेला आजवर कोणी फिरकलेलं नाही, हेसुद्धा त्याने सोडलं नाही.

"पाणी गेलंय," ग्वेनबाई म्हणाल्या.

"टाकी धुताहेत. मी लिहिलं होतं."

"पहिलं पान मी वाचलं. दुसऱ्या पानावर खालच्या विर्तुदेसबाई म्हणतात, 'त्या इंग्रज बाईचे कपडे माझ्या पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्यावर गळतात.' तिथे माझं डोकं फिरलं आणि मी वाचणं बंद केलं. पाणी कितव्या पानावर होतं?"

"तिसऱ्या," एलॉय म्हणाला. "शेवटच्या ओळीत."

फेस आता त्यांच्या भुवईपर्यंत उतरला होता. "तू इंग्रजीच्या परीक्षेला बसतोयस ना?"

"दुसऱ्यांदा."

"नवल नाही," असं म्हणून त्या वर गेल्या. एलॉयने कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचे दोन मोठे कॅन तिसऱ्या मजल्यावर चढवले. त्या दिवसापुरतं अध्यक्षांचं काम तेवढंच.

पण बाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. इंग्रजीच्या सी-वन या वरच्या पातळीच्या परीक्षेचे भाग पाच, आणि पाचही सुटावे लागतात. चार त्याचे आदल्या वर्षी सुटले होते. पाचवा लेखी मध्यस्थीचा. एक मजकूर वाचायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी, त्याला हवं तेवढंच, आपल्या शब्दांत लिहून पोचवायचं. दीडशे शब्द. इथे एलॉय आडवा झाला. गावच्या शाळेत इंग्रजीतून विज्ञान शिकवायची जागा सप्टेंबरात भरणार होती आणि तिला हे प्रमाणपत्र लागत होतं. नाहीतर हंगामी मास्तरांच्या यादीतून नेमणूक होईल तिथे जायचं. आधीची दोन वर्षं त्याने अशीच दूर समुद्राकाठी, भाड्याच्या खोलीत काढली होती, आणि त्या खोलीला खिडकी होती ती लिफ्टच्या बोळात उघडणारी.

क्लासमधल्या आम्पारो मॅडम त्याच्या वहीवर लाल शाईने लिहीत, 'सगळं आणलंस. मागितलेलं कुठाय?' ग्रंथालयाची बदललेली वेळ मित्राला कळवायची होती, तर या पठ्ठ्याने इमारतीचा इतिहास कळवला आणि शेवटी नगरपालिका आळशी असल्याचं स्वतःचं मतही जोडलं.

"मी हमाल आहे," तो चौकातल्या बारमध्ये स्वतःच सांगायचा. "जे दिसेल ते उचलतो. पत्ता विचारत नाही."

रविवारी ग्वेनबाईंनीच बोलावलं. "मी तीस वर्षं नर्स होते," चहा ओतत त्या म्हणाल्या. "डॉक्टर आत पंधरा मिनिटं बोलायचे. बाहेर बाकावर आई बसलेली. मी बाहेर आले की तिला काय ऐकायचं असायचं?"

"आजाराचं नाव?"

"पोराला घरी कधी नेऊ, ते. आण तुझी वही."

दर रविवारी त्या वही तपासू लागल्या. मोबदल्यात पैसे नकोत म्हणाल्या. एकच काम. "खाली विर्तुदेसबाईंना माझा निरोप दे. सहा वर्षांत कपडे गळतात हे मला कुणी सांगितलंच नाही. आता पिळून घालते. आणि मला नाव आहे. पण नीट सांग. तीन पानं नकोत."

"आजच सांगतो," एलॉय म्हणाला. तो मार्च होता.

जूनमध्ये परीक्षेत सामुदायिक बागेवरचा लांबलचक लेख आला. गुडघे धरलेल्या मैत्रिणीला कळवायचं होतं की तिला तिथे जमेल का. एलॉयने आधी महापौरांचं भाषण लिहून काढलं आणि मग खोडलं. खोडताना दात उपटल्यासारखं झालं. बागेचा इतिहासही गेला. कागदावर उरलं ते इतकंच की वाफे कमरेइतके उंच आहेत, बसायला बाकं आहेत, मंगळवारी सकाळी गर्दी नसते, आधी नाव नोंदव. शब्द एकशे बेचाळीस. आठ उरले आणि ते वापरायचा मोह त्याने हात मांडीखाली दाबून टाळला.

दहापैकी सहा. त्या सहावर गावची जागा मिळाली.

निकालाच्या दिवशी विर्तुदेसबाईंनी त्याला जिन्यात अडवलं आणि टोमॅटोची पिशवी हातात कोंबली. "तुझ्या आईने सांगितलं. शाब्बास, पोरा. आणि बघ, सभेत मी ठणकावलं तेव्हापासून त्या इंग्रज बाईचा एक थेंब पडलेला नाही. त्या काही बोलल्या का रे माझ्याबद्दल?"

त्यांच्या उघड्या दारातून कॅनरी पिंजऱ्यात खडखडीत कोरडा बसलेला दिसत होता. एलॉयने तोंड उघडलं. विर्तुदेसबाईंना नेमकं काय ऐकायचं असेल आणि वरचा निरोप काय आहे, याचा त्याने मनात हिशेब केला, आणि तो जुळला नाही.

"टोमॅटो छान दिसतात," तो म्हणाला.

वर ग्वेनबाई दारातच उभ्या होत्या. "सांगितलंस?"

"मसुदा तयार आहे."

"मार्चपासून?"

"शब्द थोडे जास्त होताहेत," एलॉय म्हणाला, आणि अर्धे टोमॅटो त्यांच्या हातात दिले.