जानराव उठले की खिडकी जायची

रोज सकाळी शटर वर केलं की जानराव आधी माऊस उलटा करायचे आणि त्याच्या पोटावर तीनदा फुंकर मारायचे. दोन लहान, एक मोठी. मग शर्टाच्या टोकाने ते पोट पुसायचे, एक डोळा मिटून आत बघायचे आणि मगच कम्प्युटरचं बटण दाबायचे. पूर्वी माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची, तिला कचरा चिकटायचा, तेव्हाची ही सवय. गोळी जाऊन वीस वर्षं झाली. फुंकर राहिली.

शिरपूरला बस स्टँडसमोर त्यांची एका खोलीची जागा होती. त्याआधी चौतीस वर्षं ते वाशीमला एका कचेरीत टंकलेखक होते आणि त्यांची बोटं अजून तिथेच नोकरीला होती. समोर कागद, नजर कागदावर, बोटं आपल्या वाटेने. पडद्याकडे ते बघत नसत. टाइप करताना वर बघणं म्हणजे आपल्याच बोटांवर संशय घेणं, असं त्यांना वाटायचं. दुकानाच्या पाटीवर त्यांनी लिहवून घेतलं होतं: ‘सर्व प्रकारचे अर्ज भरून मिळतील. अर्ज परत आल्यास जानराव जबाबदार.’ आजवर एकही परत आला नव्हता.

कचेरीने त्यांना आणखी एक रीत शिकवली होती. महत्त्वाची फाईल कपाटात ठेवायची नाही, कारण कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे असतात. ती खुर्चीच्या गादीखाली ठेवायची आणि वर आपण बसायचं. मग ती हलवायची तर आधी जानरावांना हलवावं लागतं.

त्यांची मुलगी धम्मदीपा नागपूरला नोकरी करते. सुट्टीत आली तेव्हा तिने वडिलांसाठी बिनवायरचा माऊस आणला, कम्प्युटरच्या मागे त्याची नखाएवढी पिन खोचून दिली आणि चालवून दाखवला. जानरावांनी तो दुपारपर्यंत वापरला. छान होता, आणि त्यामुळेच त्यांच्या जिवाला चैन पडेना. ज्या वस्तूला वायर नाही ती गिऱ्हाइकाच्या खिशात कधी गेली हे कोणाला कळणार? मुलीची गाडी सुटल्यावर त्यांनी तो माऊस धुतलेल्या रुमालात गुंडाळला, खुर्चीच्या गादीखाली सरकवला आणि जुना माऊस पुन्हा जोडला. पिन मागे तशीच राहिली. ठेवलेली वस्तू म्हणजे ठेवलेली वस्तू. ती ठेवल्या जागी काही करत बसते, असं जानरावांच्या कल्पनेतही नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून कम्प्युटर बिघडला.

बिघाड विचित्र होता. अर्ज अर्धा भरून होई आणि बाण एकदम उडी मारी. कुठेतरी आपोआप क्लिक होई, अर्जाची खिडकी मागे जाई, आणि जानरावांची बोटं, त्यांना कोणी सांगितलेलंच नसल्यामुळे, पुढे टाइप करत राहत. एका बाईच्या माहेरच्या गावाचं नाव असंच वरच्या पट्टीत जाऊन पडलं आणि कम्प्युटरने त्या गावाचं आजचं तापमान सांगितलं. एका शेतकऱ्याच्या ठिबक सिंचनाच्या अर्जात ‘ठि’ एवढंच उमटलं. बाकीचं कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही.

जानरावांनी उपाय केले. टेबलावरचं फुलाफुलांचं मेणकापड काढलं, कारण माऊसला फुलं सोसत नसतील. त्याखाली जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद घातला. फुंकरा तीनच्या पाच केल्या. रिसोडहून एक दुरुस्तीवाला आला, त्याने व्हायरस आहे असं सांगितलं आणि शेवटच्या बसने परत गेला. शेवटी त्यांनी नागपूरला फोन लावला.

“बाबा, अर्जाच्या खिडकीवर एकदा क्लिक करा. रेघ लुकलुकते का?”

“लुकलुकून राह्यली.”

“म्हणजे त्या खिडकीचं ध्यान तुमच्याकडे आहे. आता टाइप केलेलं तिथंच पडेल.”

“होतं वं तिचं ध्यान. मंग पोस्टातल्या मॅडम आल्या अन गेलं.”

“असं झालं की ऑल्ट धरून टॅब दाबायचं, खिडकी परत येते. अन जुना माऊस कायले वापरता? मी आणलेला कुठं हाये?”

जानरावांनी बाकड्याकडे पाहिलं. चार गिऱ्हाइकं कान टवकारून बसली होती.

“हाये. सुरक्षित हाये.”

“पण कुठं?”

“आता सांगता येत नाई,” जानराव आवाज खाली आणून म्हणाले. “लोकं बसून हायेत.”

“बाबा, तो वापराले देला होता.”

“चांगली वस्तू वापरून कायले खराब करू?”

नागपूरने फोन ठेवला.

बिघाडाचं कारण पहिल्यांदा शोधलं ते शेजारच्या चहावाल्या सेवालालने. दिवसातून नऊदा चहा घेऊन आत येणारा माणूस, त्याची नजर सगळीकडे. एका दुपारी तो किटली टेकवून म्हणाला, “काका, मशीन माणूस पाहून बिघडते. रामसिंग गुरुजी आले की गेलं. पोस्टातल्या मॅडम आल्या की गेलं. काकूचे मोठे भाऊ आले होते, तवा दोनदा गेलं. अन मी येतो तवा काही होत नाई.”

बाकड्यावरच्यांनी आठवून पाहिलं. खरंच होतं. जानरावांनाही पटलं. त्यांच्या हे लक्षात आलं नाही की या सगळ्या माणसांसाठी ते स्वतः उठत असत. पूर्ण नव्हे, अर्धे. दोन्ही हात टेबलावर, बूड खुर्चीपासून वीतभर वर, “या, या,” आणि परत खाली. हे उठणं चौतीस वर्षांच्या नोकरीत अंगात असं मुरलं होतं की ते आता जानरावांचं राहिलंच नव्हतं, ते गुडघ्यांचं होतं. वर जाताना बाण उडायचा. खाली येताना क्लिक व्हायचं.

गावात बातमी पसरली आणि तिचा भलताच अर्थ निघाला. ज्याच्या येण्याने कम्प्युटर हलतो तो माणूस वजनदार, असं ठरलं. सरपंचपदाचे दोन उमेदवार मुद्दाम येऊन गेले. एकाच्या वेळी खिडकी गेली, दुसऱ्याच्या वेळी जागची हलली नाही. दुसरा आठवडाभर कोणाशी नीट बोलला नाही. रामसिंग गुरुजी मात्र भला माणूस. आपल्यामुळे लोकांचं काम अडतं हे कळल्यावर ते दुकानात यायचेच थांबले. रस्त्यापलीकडे पानठेल्यापाशी उभं राहून तिथूनच हात जोडत. जानराव आतून अर्धे उठून नमस्कार करत, आणि आत खिडकी जाई.

“पाहा,” सेवालाल म्हणाला, “आता रस्त्यापलीकडूनही लागून राह्यलं.”

मग रूपाचा अर्ज आला.

रूपा जवळच्या गावच्या दवाखान्यात नऊ वर्षं मदतनीस होती, कंत्राटी. कायम होण्याची भरती निघाली होती आणि वयाची मर्यादा तिच्यासाठी याच वर्षी संपत होती. अर्जाची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. एक दाखला मिळायला उशीर झाला म्हणून ती शेवटच्या दिवशी, तीन वाजता, धापा टाकत आली.

“काका, होईन न?”

जानरावांनी पाटीकडे बोट केलं.

साडेतीनला पहिला अर्ज वाया गेला. बाकड्यावर कोणीतरी मानाचं आलं, जानराव जरासे उठले, क्लिक झालं ते नेमकं ‘रद्द करा’वर. दुसरा अर्ज चार वाजून दहा मिनिटांनी गेला. रूपा फक्त पिशवीतले कागद काढून पुन्हा त्याच क्रमाने लावत राहिली, आणि ते लावणं जानरावांना कागदावर नजर ठेवूनही दिसत होतं. त्यांनी सेवालालला दारात उभं केलं: कोणी मोठा माणूस आत सोडायचा नाही.

तिसरा अर्ज शेवटच्या पानापर्यंत आला. तिथे एक रकाना होता: ओळख देणाऱ्या नागरिकाचा मोबाईल, त्यावर येणारा ओटीपी.

“कोणाचा नंबर देला?”

“रामसिंग गुरुजींचा,” रूपा म्हणाली. “मी त्याईच्या शाळेत होती.”

सगळ्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. गुरुजी तिथेच होते, फोन डोळ्यांजवळ धरून.

“गुरुजी, आकडा आला का?” सेवालाल ओरडला.

“आला! चार, सात—” आणि मध्ये रिसोडची बस येऊन थांबली. बस हलली तेव्हा गुरुजी पुढचे आकडे सांगून मोकळे झाले होते. त्यांनी परत सांगितले, तर मागून जीप. तोवर तो ओटीपी बाद झाला.

पडद्यावर चार पस्तीस.

“येऊ द्या त्याईले,” जानराव म्हणाले. “जे होईन ते होईन.”

गुरुजी पायताण बाहेर काढून, चोरपावलांनी आत आले. जानराव अर्धे उठले. “या, गुरुजी.” बसले. अर्जाची खिडकी गेली आणि तिच्या जागी सोयाबीनच्या भावाचं पान आलं.

जानरावांना आयुष्यात फार कमी वेळा राग आला होता. त्यांनी कम्प्युटरमागे हात घालून जुन्या माऊसची वायर हिसकली आणि माऊस टेबलावर आपटला. “घे! आता कर काय करतं ते!”

ते थरथरत खुर्चीत टेकले. पडद्यावरचा बाण डावीकडून उजवीकडे गेला.

माऊस टेबलावर उताणा पडला होता, त्याची वायर खाली लोंबत होती, आणि बाण चालत होता. गुरुजी दोन पावलं मागे सरकले. “मी काहीच नाई केलं,” ते म्हणाले.

याच वेळी मागच्या दाराने लिलाबाई, जानरावांची बायको, किल्ली मागायला आल्या. जानराव त्यांच्यासाठी उठले नाहीत. कधीच उठत नसत. बाण जागचा हलला नाही. लिलाबाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

“डावीकडं सरका बरं.”

जानराव सरकले. बाण सरकला.

“काका,” रूपा हळूच म्हणाली, “तुमी हलता तसं ते हलते.”

“आता उठा,” लिलाबाई म्हणाल्या. “पूर्ण उठा. अर्धे नोको.”

जानराव उठले. लिलाबाईंनी गादी उचलली. घडीच्या रुमालात, पोरीने आणलेला नवाकोरा माऊस, चपटा झालेला नव्हे पण होण्याच्या बेतात, पडला होता.

“हे काय व्हय?”

“सुरक्षित ठेवला होता,” जानराव म्हणाले.

“अंडं उबवून राह्यले होते का बाप्पा?”

हसायला वेळ नव्हता. पडद्यावर चार बेचाळीस. जानरावांनी मागची नखाएवढी पिन काढून खिशात टाकली, जुना माऊस जोडला, ऑल्ट धरून टॅब दाबलं आणि अर्जाची खिडकी सोयाबीनच्या भावामागून पुढे आली. भरलेलं सगळं जागेवर होतं. रेघ लुकलुकत होती. त्या दिवशी जानरावांनी कागदावरची नजर काढून पहिल्यांदा पडद्यावर ठेवली आणि प्रत्येक अक्षर उमटताना पाहिलं. नवा ओटीपी आला. गुरुजींनी तो कानाजवळ येऊन सांगितला, एकेक आकडा, शाळेत पाढा सांगावा तसा. चार बावन्नला पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: अर्ज स्वीकारला आहे.

रूपा मटकन बाकड्यावर बसली. प्रिंटर घरघरायला लागला.

सेवालाल सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. त्याने तो वाटला, स्वतःचा कप हातात घेतला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“थांबा. म्हणजे तुमी उठत होते म्हणून मशीन बिघडत होती.”

“हं.”

“अन माह्या टायमाले कधीच नाई बिघडली.”

जानराव चहात बघू लागले.

“आठ वर्सं झाले, काका! रोज नऊदा येतो मी!”

“अरे, म्हणूनच,” जानराव म्हणाले. “रोज नऊदा तुह्यासाठी उठलो तर मी बसू कवा?”

गुरुजी चहा सांडेपर्यंत हसले. सेवालाल रुसून किटली उचलून गेला, आणि कप विसरला म्हणून लगेच परत आला.

रूपाने प्रिंटरमधून पावती घेतली, नाव वाचलं, तारीख वाचली, परत नाव वाचलं. मग बसची वेळ झाली म्हणून पिशवीत ठेवण्यासाठी तिने तो कागद मधोमध दुमडायला घेतला.

“मधात घडी नोको पाडू वं,” जानराव म्हणाले, “फोटोवर येते.”