सरहद्दीच्या दगडावरची एक वहाण

दोन मुलखांतली भांडणं मिटवणारा माझ्या बायकोच्या थोरल्या भावासारखा, आण्णासारखा माणूस पृथ्वीवर झाला न्हाय, आणि त्याला तोंडघशी पाडणारा माझ्यासारखा नालायकबी झाला न्हाय.

आमची निपाणीची तंबाखू कणकुंबीवरनं घाट उतरून गोव्यात जायची. इकडं इंग्रज, तिकडं पोर्तुगीज. मालावरनं बिनसलं की इकडचं कोर्ट तिकडं चालायचं न्हाय, तिकडचं इकडं. मग दोन्हीकडचे व्यापारी आण्णाकडं यायचे. आण्णा सरहद्दीच्या दगडावर बसायचा, एक पाय आपल्यात, एक गोव्यात. गोव्यातल्या पायातली वहाण काढून ठेवायचा. "परक्याच्या घरात चपला घालून जात्यात व्हय?" पावसाळ्यात त्याच पायाला जळवा लागायच्या, तरी ऐकायचा न्हाय. दुसरी तऱ्हा त्याहून भारी. स्वतःची बाजू कुणालाच मांडू द्यायचा न्हाय. "आपली बाजू कावळाबी मांडतोय. तू त्याची मांड, तो तुझी मांडंल." कुणी चुकून "माझा माल" म्हणाला की लगेच कानात कापूस कोंबायचा. जे बोललं जाईल त्यावरच निकाल.

एका साली वजन वाढावं म्हणून मी तंबाखूवर जास्तीचं पाणी मारलं. गोव्यातल्या साखळी गावच्या दुकानदारानं पोती उघडली तर आत बुरशी. आलो दोघं दगडापाशी. तो बिचारा माझ्या वतीनं म्हणाला, "मनीस वायट न्हय. घाटांत पावस लागलो आसतलो."

मग माझी पाळी. 'यानं पाणी मारलं' एवढंच त्याच्या वतीनं म्हणायचं होतं. शब्द तोंडात आलेला. मी म्हणालो, "माल खराब निघाला म्हणतोय. बाकी काय न्हाय."

निकाल माझ्या बाजूनं लागला. दुकानदार आण्णाला हात जोडून घाट उतरला.

परतताना गाडीत आण्णा म्हणाला, "दाजी, त्यानं तुमची बाजू लई चांगली मांडली. तुमी त्याची का न्हाय मांडली?" मी बैलं दामटली. घरी बायकोनं भावाला भाकरी वाढली, मला वाढताना वर बघितलं न्हाय. तंबाखूवर मारायच्या पाण्याची घागर तिनंच उचलून दिलेली.

त्यानंतर आण्णा दगडावर बसला न्हाय. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचा, "गुडघं दुखत्यात." दोन्ही पायांत वहाणा घालून गावभर हिंडायचा मात्र.

आण्णा गेला. यंदा बायकोबी गेली. आता उंबऱ्यावर बसून मी रोज त्या दुकानदाराची बाजू मांडतो. पाणी मारलं हुतं, म्हणून मोठ्यानं सांगतो. बसायच्या आधी एक वहाण काढून ठेवतो.